जनुकांची मुस्कटदाबी

(मंडळाच्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी दाखवलेल्या स्लाइड्स इथे नाहीत, त्यामुळे एक-दोन ठिकाणी थोडी भर घातली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतली तीन उत्तरंही दिली आहेत.)



माझ्या आधी दोन डॉक्टर बोलून गेले आणि माझ्यानंतर योगासनांचं प्रात्यक्षिक आहे. या दोहोंच्या मध्ये एका कॉम्प्युटरवाल्याला कशासाठी उभं केलंय, हा प्रश्न पहिल्या रांगेतल्या काकांच्या चेहऱ्यावर मला इथूनसुद्धा दिसतोय. प्रश्न रास्त आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे आणि कन्सल्टंट म्हणून विमा कंपन्यांचा डेटा जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवून देतो. अकरावीला बायॉलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, कारण एक म्हणजे बेडूक फाडावा लागणार नव्हता आणि दुसरं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सला मार्क जास्त मिळतात असं सगळ्या गल्लीचं मत होतं.

तरीही गेली दोन-अडीच वर्षं, रात्री मुलगी झोपली की मी एकाच विषयावरचे शोधनिबंध वाचत बसतो. विषय आहे जीन सायलेन्सिंग, म्हणजे पेशीतल्या एखाद्या जनुकाला गप्प बसवणं, आणि त्यातही त्याचा अंडाशयाच्या, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरवर होऊ शकणारा उपयोग. मी हे का वाचतो ते मधे सांगेनच. मी सांगतोय तो वैद्यकीय सल्ला नाही. आपल्या मंडळातल्या एका डॉक्टरांकडून हे भाषण आधी वाचून घेतलंय, म्हणून एवढं धाडस करतोय.

आधी जनुकाला गप्प बसवायचं म्हणजे काय ते पाहू. आपल्या प्रत्येक पेशीत डी.एन.ए. असतो, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूम असते ना, तसा तो असतो. मूळ फाइल कपाटाबाहेर जात नाही. ज्याला काम करायचंय त्याने झेरॉक्स घ्यायची, खाली न्यायची आणि तिच्यावरून काम करायचं. पेशीतही तसंच होतं. जनुकाची झेरॉक्स म्हणजे मेसेंजर आर.एन.ए. ती पेशीच्या केंद्रातून बाहेर येते, तिच्यावरून प्रथिन तयार होतं, आणि ते प्रथिन मग प्रत्यक्ष काम करतं. आता एखादं जनुक वेड्यासारखं झेरॉक्सवर झेरॉक्स काढायला लागलं, तर आपल्यापुढे दोन मार्ग असतात. मूळ फाइल बदलायची, जे कठीण आणि धोक्याचं. किंवा बाहेर येईल ती झेरॉक्स फाडत बसायची. जीन सायलेन्सिंग म्हणजे हा दुसरा मार्ग. फाइल जागेवरच राहते, पण तिचा हुकूम खालपर्यंत पोचत नाही.

गंमत अशी की हे झेरॉक्स फाडणारं यंत्र माणसाने बनवलेलं नाही, ते पेशीत आधीपासूनच आहे. ते सापडलं कसं, ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये एका कंपनीत रिचर्ड जॉर्गेनसन आणि त्यांचे सहकारी पेटुनियाच्या फुलांवर काम करत होते. इथे उन्हाळ्यात आपण सगळेच डेकवर पेटुनियाच्या कुंड्या लावतो, तीच फुलं. त्यांना जांभळा रंग आणखी गडद हवा होता. म्हणून त्यांनी रंग तयार करणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत झाडात घातली. आलेली कित्येक फुलं पांढरी निघाली, काही पांढऱ्या-जांभळ्या पट्ट्यांची. जादा प्रत घातल्यावर ती नवी आणि आधीची, दोन्ही गप्प! १९९० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, पण असं का होतं ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

त्याचं उत्तर आलं १९९८ साली एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यातून. अँड्रू फायर आणि क्रेग मेलो यांनी या किड्यात दुहेरी दोऱ्याचा आर.एन.ए. टोचला. एकेरी दोऱ्याने फारसं काही होत नव्हतं. दुहेरी टोचला की त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प व्हायचं आणि किडा झटके द्यायला लागायचा, कारण ते जनुक त्याच्या स्नायूंचं होतं. आणि त्यासाठी प्रत्येक पेशीत मोजके रेणू पुरत होते. २००६ साली दोघांना नोबेल मिळालं. पहाटे स्टॉकहोमहून फोन आला तेव्हा मेलो आपल्या मधुमेही लेकीची रक्तातली साखर तपासायला उठले होते, हे वाचल्यापासून ते मला आपल्यातलेच वाटायला लागलेत.

यंत्र चालतं ते असं. दुहेरी दोरा पेशीत दिसला की डायसर नावाचं एक एन्झाइम त्याचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करतं. त्यातला एक दोरा दुसऱ्या एका प्रथिनाच्या पकडीत जाऊन बसतो, आणि मग ती जोडगोळी जुळणारी झेरॉक्स शोधत हिंडते. सापडली की कापते, आणि पुढच्या शोधाला निघते. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. हे तर आपलं रोजचं स्ट्रिंग सर्च! अक्षरं चार, लांबी एकवीस. म्हणजे एकूण शक्यता सुमारे ४.४ लाख कोटी. माणसाच्या संपूर्ण जीनोममध्ये अक्षरं आहेत साधारण ३०० कोटी. मग नीट निवडलेला एकवीस अक्षरांचा तुकडा बरोबर एकाच जनुकावर जाऊन बसला पाहिजे. कागदावर हिशोब कसा चोख बसतो! तो प्रत्यक्षात तितका चोख का बसत नाही, ते पुढे येईलच.

माणसाच्या पेशीत मात्र लांब दुहेरी आर.एन.ए. घातला की विषाणू शिरला असं समजून पेशी धोक्याची घंटा वाजवते आणि सगळंच काम बंद पाडते. जर्मनीत ग्योटिंगेनला थॉमस टुशल यांच्या गटाने २००१ साली दाखवलं की आधीच कापलेले एकवीस अक्षरांचे छोटे तुकडे दिले तर ही घंटा वाजत नाही आणि जनुक मात्र गप्प होतं. त्या दिवसापासून कॅन्सरवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं म्हणायला हरकत नाही. कॅन्सर म्हणजे तरी काय, काही जनुकांची आरडाओरड. त्यांची मुस्कटदाबी केली की झालं!

आता मी या सगळ्यात कसा पडलो ते सांगतो.

माझी मावशी नाशिकला असायची. २०१९च्या गणपतीपासून तिचं पोट फुगल्यासारखं वाटायचं, चार घास खाल्ले की पोट भरायचं, सारखं लघवीला जावं लागायचं. पित्त म्हणून सहा महिने गोळ्या झाल्या, ओवा झाला, हिंग झालं. वय झालं की असं होणारच, असं तिला घरच्यांनीही सांगितलं आणि एका डॉक्टरांनीही. २०२०च्या मार्चमध्ये सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी झालं होतं आणि अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला होता. तिसरी स्टेज. लॉकडाऊनमध्ये केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. तपासणीत तिच्यात बी.आर.सी.ए. १ या जनुकाचा बिघाड निघाला, त्यामुळे तिला ओलापॅरिब नावाच्या गोळ्या देता आल्या आणि त्यांनी चांगली दोन वर्षं काढली. २०२२च्या शेवटी तो परत आला.

आणि मग २०२३च्या जानेवारीत एका रात्री माझ्या मावसबहिणीने व्हॉट्सअॅपवर एक बातमी पाठवली. जीन सायलेन्सिंगने अंडाशयाच्या कॅन्सरची वाढ रोखण्यात शास्त्रज्ञांना यश, असा मथळा. खाली तिचा निरोप : ‘दादा, हे तिकडे मिळतंय का बघ ना. फिलाडेल्फियाचं नाव आहे. तू तिथेच आहेस ना?’

मंडळी, मी खरंच तिथेच होतो. बातमीतली लँकेनाऊ संस्था फिलाडेल्फियाच्या उपनगरात विनवूडला आहे. माझ्या घरापासून गाडीने पाऊण तास. क्लायंटकडे जाताना मी त्या बाजूने कितीदा गेलो असेन. क्षणभर असं वाटलं की उद्या सकाळी जाऊन दारच ठोठवावं.

त्याऐवजी मी मूळ निबंध शोधून काढला. पहिली गोष्ट ही कळली की काम २००९ सालचं होतं. बातमीवरची तारीख कुणीतरी कापून टाकली होती आणि चौदा वर्षांची जुनी बातमी ताजी म्हणून फिरत होती. दुसरी गोष्ट ही कळली की काम अगदी खरं होतं आणि सुंदर होतं.

क्लॉडिन-३ नावाचं एक प्रथिन आहे. पेशींना एकमेकींना घट्ट चिकटवून ठेवण्याच्या कामात ते असतं. अंडाशयाच्या नव्वद टक्के गाठींमध्ये ते प्रमाणाबाहेर तयार होतं, आणि त्यामुळे कॅन्सरच्या पेशी टिकायला आणि इकडेतिकडे पसरायला मदत होते असं आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं. लँकेनाऊच्या लोकांनी या क्लॉडिनला गप्प करणारे तुकडे घेतले. हे तुकडे नुसते टोचले तर रक्तातली एन्झाइम्स काही मिनिटांत त्यांचा फडशा पाडतात, उरलेले मूत्रपिंडातून वाहून जातात, आणि पेशीच्या भिंतीतून तर ते शिरूच शकत नाहीत. म्हणून त्यांनी एम.आय.टी.तल्या रॉबर्ट लँगर आणि डॅनियल अँडरसन यांच्याकडून चरबीसारखी वेष्टनं घेतली. तिथे अशा हजाराहून अधिक रसायनांची एक लायब्ररीच तयार केलेली होती. तुकडे त्यांत गुंडाळले आणि उंदरांच्या गाठीत किंवा सरळ पोटाच्या पोकळीत टोचले. गाठी वाढायच्या मंदावल्या, पेशी जास्त प्रमाणात मरायला लागल्या, पोटात पाणी होणंही कमी झालं. अनेकदा टोचूनही उंदरांना विषबाधा दिसली नाही.

पोटाच्या पोकळीत टोचणं हा इथला कळीचा मुद्दा आहे. अंडाशयाचा कॅन्सर बराच काळ पोटाच्या पोकळीतच पसरत राहतो. म्हणजे शत्रू कुठल्या खोलीत आहे हे माहीत असतं आणि त्या खोलीत थेट दार उघडून जाता येतं. म्हणूनच या कॅन्सरकडे सायलेन्सिंगवाल्यांचं इतकं लक्ष गेलं.

हे एकटेच नव्हते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमध्ये डॉ. अनिल सूद यांच्या गटाने २००५ सालीच एफ-ए-टू नावाच्या प्रथिनामागे लागून असाच प्रयोग केला होता. एका प्रकारच्या पेशींच्या गाठींचं वजन उंदरांत जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि पॅक्लिटॅक्सेल हे नेहमीचं केमोचं औषध जोडीला दिल्यावर परिणाम कितीतरी जास्त झाला. अॅटलांटात जॉर्जिया टेकच्या लोकांनी २०१०मध्ये जेलीचे अतिसूक्ष्म कण बनवले, त्यांच्या अंगावर एफ-ए-टूला जाऊन चिकटणारी खूण लावली आणि आतून दुसऱ्याच एका जनुकाला गप्प करणारे तुकडे पाठवले. त्या पेशी केमोच्या औषधाला अधिक सहज बळी पडायला लागल्या. मला यातला विचार आवडतो. सायलेन्सिंगने शत्रूला ठार मारायचं नाही, फक्त त्याची ढाल काढून घ्यायची, घाव केमोने घालायचा.

बहिणीला मात्र मला सांगावं लागलं की नाही, हे मिळत नाही. इथे नाही, मुंबईत नाही, कुठेच नाही. तिने विचारलं, ‘चौदा वर्षं झाली ना? मग अडलंय कुठे?’ खरं सांगायचं तर त्या प्रश्नाने मला वाचायला लावलं. जे समजलं ते असं.

पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण पत्त्याची. औषध तयार आहे, पण पोस्टमन फक्त एकाच घरी जातो. चरबीचे हे सूक्ष्म बुडबुडे रक्तात सोडले की ते मुख्यतः यकृताकडे, म्हणजे लिव्हरकडे ओढले जातात. यकृताचं कामच रक्तातली चरबी उचलण्याचं, त्यामुळे ते त्यांना आपलंच पार्सल समजतं. म्हणून जिथे दुखणं यकृतात आहे तिथे सायलेन्सिंगने बाजी मारली. २०१८च्या ऑगस्टमध्ये पॅटिसिरान हे या जातीचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं, नसांच्या एका आनुवंशिक आजारासाठी. त्या आजारातलं बिघडलेलं प्रथिन यकृतात तयार होतं. आता अशी अर्धा डझनाहून अधिक औषधं आहेत. इन्क्लिसिरान तर कोलेस्टेरॉलसाठी आहे. पहिले डोस झाले की वर्षातून दोन इंजेक्शनं, बस. आपल्या सभासदांपैकी कुणी ते घेतही असतील. ही सगळी औषधं यकृतावरच काम करतात. कॅन्सरसाठी मंजूर झालेलं असं एकही औषध आज नाही.

दुसरी अडचण दारातल्या देवडीची. पार्सल पेशीच्या दारात पोचलं तरी पेशी ते एका पिशवीत भरून आत घेते, आणि पिशवीतला बहुतेक माल पेशीच्या कचराकुंडीत जातो. पिशवी फोडून आतल्या अंगणात पोचणारे तुकडे शंभरात एक-दोन. मी हे वाचलं तेव्हा थक्क झालो. आमच्या धंद्यात अठ्ठ्याण्णव टक्के पॅकेट्स हरवणारं नेटवर्क कुणी विकायला आणलं असतं तर त्याला हाकलून दिलं असतं. आणि या शंभरातल्या एक-दोनवर माणसांना औषध मिळतंय!

तिसरी अडचण माझ्या मघाच्या हिशोबाची. एकवीस अक्षरं पूर्ण जुळावीच लागतात असं नाही. तुकड्याच्या सुरुवातीची सहा-सात अक्षरं जुळली तरी कधीकधी भलतंच जनुक थोडंफार दबतं. सात अक्षरांच्या शक्यता फक्त १६,३८४. नाव सोडून नुसत्या ‘जोशी’वर पत्र पाठवलं तर पुण्यात जे होईल ते इथे होतं. यावर उपाय निघालेत, तुकड्यांवर रासायनिक बदल करतात, पण काळजी घ्यावी लागते.

चौथी अडचण मला सगळ्यात कठीण वाटते. या तंत्राने जनुकाला गप्प बसवता येतं, बोलतं करता येत नाही. अंडाशयाच्या कॅन्सरचा जो सर्रास आढळणारा आक्रमक प्रकार आहे, त्यात जवळजवळ प्रत्येक गाठीत टी.पी.५३ हे जनुक बिघडलेलं असतं. हे जनुक म्हणजे पेशीचा ब्रेक. मावशीचं बी.आर.सी.ए. म्हणजे दुरुस्तीचं खातं. तेही बंद पडलेलं. ब्रेक निकामी झालेल्या गाडीत तुम्ही फार तर अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करू शकता. म्हणून या प्रयोगांत शब्द नेहमी ‘वाढ मंदावली’ असा येतो. बातमीत त्याचा ‘वाढ रोखली’ होतो, आणि व्हॉट्सअॅपवर पोचेपर्यंत ‘कॅन्सर बरा झाला’.

शिवाय झेरॉक्स फाडणं हे काही कायमचं नाही. पेशी दुपटीने वाढत जाते तसे आतले तुकडे विरळ होत जातात, आणि कॅन्सरच्या पेशी तर वाढण्यासाठीच प्रसिद्ध. म्हणजे पुन्हा पुन्हा डोस देणं आलं.

एक गोष्ट मात्र वाचून मी रात्री एक वाजता बायकोला उठवून सांगितली होती. (तिची प्रतिक्रिया इथे देत नाही.) ह्यूस्टनच्याच गटाने २००८ साली अंडाशयाच्या कॅन्सरच्या १११ स्त्रियांच्या गाठी तपासल्या. त्यातल्या साठ टक्के गाठींमध्ये डायसर कमी झालेलं होतं, ते दुहेरी दोरा कापणारं एन्झाइम. म्हणजे कॅन्सरने पेशीचं स्वतःचं गप्प बसवण्याचं यंत्रच मोडून ठेवलं होतं. ज्यांच्यात डायसर आणि त्याचं जोडीदार एन्झाइम ड्रोशा दोन्ही भरपूर होती, त्या निम्म्याहून अधिक स्त्रिया अकरा वर्षांनंतरही हयात होत्या. बाकीच्यांसाठी तोच आकडा होता २.६६ वर्षं. आणि दिलासा असा की आधीच कापलेला छोटा तुकडा बाहेरून दिला तर या डायसर नसलेल्या पेशींतही काम होत होतं, कारण कापायची गरजच उरत नाही. टुशलचे एकवीस अक्षरांचे तुकडे इथे पुन्हा उपयोगी पडले.

या सगळ्यातून माणसांवरच्या चाचण्या झाल्याच नाहीत असं नाही. २०१० साली कॅलटेकच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांत दाखवलं की शिरेतून दिलेले कण गाठीत पोचतात आणि झेरॉक्स नेमकी हवी तिथेच कापतात. एफ-ए-टूविरुद्धच्या औषधाची पहिल्या टप्प्याची चाचणी एम. डी. अँडरसनमध्ये सुरू झाली. पहिला टप्पा म्हणजे औषध सोसवतंय का आणि डोस किती, एवढंच पाहणं.

मावशी २०२४च्या मार्चमध्ये गेली. शेवटच्या महिन्यांत मी व्हिडिओ कॉलवर तिला हे सगळं सांगायचो. पेटुनियाची गोष्ट तिला आवडायची. ती म्हणायची, ‘फुलाचं कळलं रे, माझं सांग.’ तिला खोटं सांगायचं नाही असं मी आणि बहिणीने ठरवलं होतं, आणि तिनेही कधी खोटं मागितलं नाही.

आता माझं. मावशीची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी रक्ताच्या नातेवाइकांनाही तपासणी करून घ्यायला सांगितलं. माझ्या आईत तोच बिघाड निघाला. तिने अंडाशयं आणि नळ्या काढून घेतल्या आहेत आणि ती ठणठणीत आहे. माझी तपासणी इथे झाली. माझ्यातही आहे. पुरुषाला अंडाशय नाही म्हणून आपण सुटलो असं समजू नका. पुरुष हे जनुक पुढे देतो, मुलाला किंवा मुलीला, प्रत्येक वेळी शक्यता निम्मी. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. बायकोशी बोलून, तिच्या संमतीने मी हे इथे सांगतोय. मी निबंध कशासाठी वाचतो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पांढऱ्या पेटुनियापासून पहिल्या मंजूर औषधापर्यंत अठ्ठावीस वर्षं लागली. अठ्ठावीस वर्षांनी माझी मुलगी सदतीसची असेल. मी हा हिशोब दर दोन-चार महिन्यांनी पुन्हा मांडतो, नवीन काही छापून आलं की.

आता प्रश्नोत्तरांतली तीन उत्तरं.

एका काकूंनी विचारलं की पॅप स्मिअर दरवेळी नॉर्मल येतो, मग काळजीचं कारण नाही ना? काकू, पॅप स्मिअर गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पाहण्यासाठी असतो, अंडाशयाचा त्यात कळत नाही. अंडाशयासाठी सरसकट सगळ्यांना उपयोगी पडेल अशी तपासणी आज नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या एका चाचणीत वर्षानुवर्षं सी.ए. १२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली. २०२१ साली निकाल आला : मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून लक्षणांकडे पाहायचं. पोट फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीची घाई. हे नव्याने सुरू झालं असेल, जवळजवळ रोज होत असेल आणि दोन-तीन आठवडे टिकलं असेल तर डॉक्टरांना ‘ओव्हरी बघता का?’ असं स्वतःहून विचारा. लाजू नका. बहुतेकदा दुसरंच काही निघतं. पण कॅन्सर असला आणि अंडाशयापुरता असतानाच सापडला, तर पाच वर्षांनी शंभरात नव्वदहून अधिक जणी हयात असतात. दूरवर पसरल्यावर सापडला तर साधारण तीस.

एका मित्राने विचारलं, सायलेन्सिंगपेक्षा मूळ फाइलच दुरुस्त का करत नाहीत, आता तर क्रिस्पर आलंय? त्यावरही काम चालू आहे, पण पत्त्याची अडचण तिथेही तीच. शिवाय पसरलेल्या कॅन्सरमध्ये जवळजवळ प्रत्येक पेशी गाठावी लागेल. सुटलेल्या थोड्या पेशी पुन्हा वाढतात. दरम्यान पत्ता शोधण्याच्या कामाला दुसऱ्या बाजूने फळ आलंय. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पुष्कळशा पेशींवर फोलेट उचलणारा एक रिसेप्टर असतो, त्याला धरून आत विष सोडणारं अँटिबॉडीचं एक औषध २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालं. ते सायलेन्सिंग नव्हे, पण दार तेच.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतल्या एका तरुण मुलीचा होता : आमच्या घरी आजीला ‘पोटाचा कॅन्सर’ होता एवढंच सांगतात, मग मी तपासणी करू का? आधी घरी फोन करून कुठल्या भागाचा आणि कितव्या वर्षी, ते विचार. आपल्याकडे ‘पोटाचा’ या शब्दाखाली अंडाशयही येतं, जठरही आणि आतडंही. वडिलांकडच्या आत्या आणि आजीसुद्धा मोज, फक्त आईकडच्या नाही. अंडाशयाचा कॅन्सर किंवा कमी वयातला स्तनाचा कॅन्सर निघाला तर जेनेटिक कौन्सेलरकडे जा, आणि जमलं तर ज्यांना आजार झाला त्यांचीच तपासणी आधी करायला सांग, निकालाचा अर्थ लावणं सोपं जातं. बी.आर.सी.ए. १ निघालाच, तर अंडाशयं आणि नळ्या काढण्याचा विचार साधारण ३५ ते ४० या वयात, मुलंबाळं झाल्यावर करायला सांगतात, बी.आर.सी.ए. २ असेल तर ४० ते ४५. पंचविशीच्या आत घाई करण्याचं सहसा कारण नसतं. माझ्या मुलीसाठीही आम्ही हेच धरून चाललोय.